पाठीमागून आलेली हाक

बाई पहिलीला शिकवायच्या. एवढं सांगितलं तरी गावातल्या निम्म्या लोकांना कळायचं, कुठल्या बाई ते. तशा शाळेत बाई पुष्कळ. पण इतर सगळ्यांना काही ना काही शेपूट लावावं लागे: चित्रकलेच्या बाई, चौथीच्या बाई, चष्म्याच्या बाई. नुसतं 'बाई' म्हटलं की मात्र त्याच.

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना पहिली मिळाली ती काही कौतुकाने नव्हे. पहिली कुणालाच नको असे. आईचं बोट न सोडणारी, नाक गळणारी, भर तासाला बाकावर मान टाकून झोपणारी पोरं कोण सांभाळणार? "एक वर्ष काढा, मग तिसरी देते," असं तेव्हाच्या हेडबाई म्हणाल्या होत्या. वर्ष संपलं, हेडबाईंनी शब्द पाळायची तयारी दाखवली, तर बाईच म्हणाल्या, "राहू द्या. मला इथेच बरं वाटतंय." पुढे हेडबाई बदलल्या, शाळेचे पत्रे जाऊन स्लॅब आला, खडूच्या फळ्याला नवा रंग लागला. बाई पहिलीतच राहिल्या.

कुणी कारण विचारलं तर सांगायच्या, "पोर अक्षर अक्षर जुळवत जातं. म, ग, र. काही अर्थ लागत नाही. पुन्हा म्हणतं. आणि एकदम आपलंच बोलणं त्याच्या कानात शिरतं, की अरे, ही तर मगर! त्या वेळचा त्याचा चेहरा बघायला मी पगार न घेताही गेले असते."

त्यावर बाहेरच्या खोलीतून मिस्टर ओरडायचे, "जरा हळू बोल! संस्थेचं कुणी ऐकेल!"

मिस्टर म्हणजे टेलर. घराच्या रस्त्याकडच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, खांद्यावर टेप आणि तोंडाला अखंड चालू असलेली बडबड. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ते त्याच्या घरातली भांडणं काढून घ्यायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा गळा मोजताना ती सांगून टाकायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावरून चुकचुकलं की टेलर म्हणत, "छे हो, आमच्या घरी दरवर्षी वर्गभर होतात."

बाईंची शिकवायची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. पोरांना तळहात तोंडासमोर धरायला लावायच्या. 'प' म्हटलं की हाताला काही लागत नाही, 'फ' म्हटलं की वारा लागतो. 'स' म्हणजे सुटलेला फुगा, 'म' म्हणजे तोंड मिटून खाल्लेला घास. वर्गातून दिवसभर फुसफुस, हुंकार, फुगे सुटल्याचे आवाज यायचे. नवीन आलेला माणूस दारात थबकायचा. "वर्ग आहे की लोहाराचा भाता?" असं एकदा एका तपासणीस साहेबांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, एखाद्याला वाचायला सांगून बघा." साहेबांनी सांगितलं, पोराने धडाधड वाचलं, साहेब गप्प झाले.

अशी बरीच वर्षं गेली. मग शाळेत एक नवीन मुलगी लागली. तिला दुसरी दिली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळांपाशी तोंड भिंतीकडे करून रडताना बाईंना दिसली.

"काय झालं गं?"

"ऐकतच नाहीत. मी जितकं ओरडते तितकी जास्त ओरडतात."

"मग ओरडू नकोस. आवाज खाली घे. इतका खाली घे की त्यांना वाटलं पाहिजे, आपलं काहीतरी चुकतंय ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी तिने तसं केलं. वर्ग शांत झाला. सुट्टीत ती पळत बाईंकडे आली आणि सगळ्यांसमोर तिने बाईंना मिठी मारली. पोरं तिला 'नव्या बाई' म्हणू लागली आणि पुढे ती जुनी झाली तरी ते नाव काही सुटलं नाही.

नव्या बाई परगावची. बाईंच्या घरी माडीवर एक खोली रिकामी होती, तिथे ती राहायला आली. आधी भाडेकरू म्हणून, मग महिन्याभरात खाली जेवायला, मग सकाळी चहाला, आणि मग "काका, माझी बाही लांब झालीय" असं म्हणत थेट दुकानात. टेलरना बोलायला हक्काचं माणूस मिळालं. बाईंनी तिला आपल्याजवळचं सगळं दिलं. रागावलेल्या पालकाला आधी बसायला खुर्ची कशी द्यायची, न बोलणाऱ्या पोराला फळा पुसायला कसं लावायचं, पोर खोटं बोलत असलं तर लगेच का पकडायचं नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा लग्नाचे कपडे टेलरनी शिवले, आणि काठाला टाके घालायला बाई स्वतः बसल्या. लग्नानंतर ती दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, पण चहा तिचा इथेच असे.

बाईंना पहिल्यांदा शंका आली ती मशीनवरून. एका दुपारी त्या दुकानातून आत जात होत्या. टेलर पायडल मारत होते, चाक फिरत होतं, कापड सरकत होतं, आणि मशीनचा आवाजच नव्हता. बाई उभ्या राहिल्या. "बिनआवाजाची झाली की काय मशीन?" त्यांनी विचारलं. टेलरनी मान वर करून काहीतरी उत्तर दिलं आणि ते हसले. बाईही हसल्या. उत्तर काय होतं ते त्यांना कळलं नव्हतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. पोर 'साप' वाचायचं आणि बाईंना 'आप' ऐकू यायचं. सात आणि हात एकच होऊन बसले. ज्या वाऱ्याने आणि फुग्याने त्यांनी गावाला वाचायला शिकवलं, नेमके तेच आवाज आधी गेले. बाई पोरांच्या ओठांकडे बघून काम भागवू लागल्या. घरात टेलर हाका मारून दमायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या बाईसाहेब दिवसभर पोरांचं ऐकतात, नवऱ्याचं ऐकायला कान शिल्लक राहत नाही." गिऱ्हाइकं हसायची.

एक दिवस वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने बाहेर जायची परवानगी मागितली. भित्रा मुलगा, आवाज कोवळा. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. बाई फळ्यावर लिहीत होत्या. वळल्या तेव्हा मुलगा उभ्या जागी ओला झाला होता आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसत होती. बाईंनी त्याला उचलून नेलं, धुतलं, शिपाईमामांकडून कोरडी चड्डी मागवून घातली. मुलगा हुंदके देत एवढंच म्हणत होता, "मी विचारलं होतं, बाई. मी विचारलं होतं."

त्या संध्याकाळी बाई नव्या बाईच्या घरी गेल्या आणि दार लावून त्यांनी तिला सांगितलं.

"काकांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे. एका सदऱ्याचं माप घेईपर्यंत गावभर होईल."

"मी कुणाला सांगणार नाही, बाई. तुमची शपथ."

तिने शपथ घेतली, आणि नुसती घेतली नाही, पाळलीही, बराच काळ. बाईंना ती दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कानात मशीन घाला. बाई म्हणाल्या, "पुढे बघू." मशीन दिसलं की लोक आधी मशीनकडे बघणार, मग बाईंकडे, आणि मग संस्था पहिलीचा वर्ग काढून घेणार, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा दोघींनी मिळून युक्त्या काढल्या. पहिली आणि दुसरीच्या मध्ये लाकडी पार्टिशन होतं. घंटा झाली किंवा कुणी बोलावलं की नव्या बाई त्यावर थाप मारायची, पार्टिशनला टेकलेलं टेबल हलायचं, बाईंचा हात टेबलावर असायचा. पोरांना बाईंनी नवा नियम घालून दिला: जागेवरून बोलायचं नाही, समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायचं, मोठी माणसं तसंच बोलतात. पालक खूश झाले. "केवढी शिस्त लावलीत हो पोरांना!" असं म्हणू लागले. बाई आणि नव्या बाई एकमेकींकडे बघून ओठ दाबत.

मग तो फाटकाचा प्रकार झाला. मैदानावर लक्ष ठेवायची पाळी बाईंची होती. एका मुलीने लोखंडी फाटकाच्या गजांत हात घातला, दुसऱ्या पोरांनी फाटक ढकललं, हात अडकला. मुलगी किंचाळली. बाई पाठमोऱ्या, अगदी जवळ, दुसऱ्या एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होत्या. वरच्या मजल्यावरून नव्या बाई धावत आली, तिने फाटक ओढलं. हात मोडला होता.

मुलीचे वडील बाईंचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "पोरांचं चालायचंच, बाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्या समजूतदारपणाने बाईंना जास्तच लागलं. शाळा सुटल्यावर त्या नव्या बाईला म्हणाल्या, "पुरे झालं आता. उद्या हेडबाईंना सगळं सांगून टाकते. पोरांच्या हातापायांशी खेळ नको."

नव्या बाईने त्यांचा हात धरला. "घाई करू नका, बाई. परीक्षा तोंडावर आल्यात. वर्ष संपू दे, मग शांतपणे सांगा. तोवर मैदानाची तुमची पाळी मी करते. मी आहे ना?"

बाईंनी ऐकलं. ज्या मुलीला त्यांनी नळापाशी रडताना उचललं होतं, ती आता आपल्याला सावरतेय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. घरी येताना त्या टेलरसाठी बिडीचं बंडल घेऊन आल्या, जे त्या एरवी कधी आणत नसत.

हेडबाई त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागून नंबर बाईंचा होता, आणि बाईंनंतर दोघीतिघी सोडल्या तर नव्या बाईचा. बाईंच्या मनात हे आलंच नाही. त्यांना ती खुर्ची नकोच होती.

चारआठ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या तासाला, बाई फळ्यावर ससा काढत होत्या. मोठा, लांब कानांचा. शेजारी शब्द लिहिला. एक कान नीट जमेना, पुसून पुन्हा काढला. खडूची भुकटी झटकत त्या वळल्या.

सगळा वर्ग ओठांवर बोट ठेवून बसला होता. डोळे चमकत होते, गाल हसू दाबून फुगले होते. आणि पोरांच्या मागे, शेवटच्या बाकापाठी, चारजण उभे होते: संस्थेचे अध्यक्ष, सचिव, हेडबाई आणि नव्या बाई. अध्यक्षांचं तोंड हलत होतं. बाईंनी ओठांवरून वाचलं. "आम्ही केव्हापासून हाका मारतोय तुम्हाला."

बाईंनी नव्या बाईकडे पाहिलं. तिचं बोट अजून तिच्या ओठांवर होतं. खाली घ्यायचं राहून गेलं होतं.

पुढच्या बाकावरचा एक पिटुकला टुणकन उडी मारून उठला आणि नियमाप्रमाणे समोर येऊन, तोंडाकडे बघून, आनंदाने म्हणाला, "बाई, तुम्ही हरलात! नव्या बाई म्हणाल्या, गप्प बसायचं, बाईंना कळतं का बघू. तुम्हाला कळलंच नाही!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. बाईंना टाळ्या दिसल्या.

त्यांनी त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "हो रे. हरले." मग खडू फळ्याच्या कडेला ठेवून त्या ऑफिसात गेल्या.

ऑफिसात अध्यक्ष फार सौम्यपणे बोलले. तुमची सेवा, तुमचं नाव, आमच्या मनातला आदर. पण एवढी मोठी गोष्ट तुम्ही लपवलीत, बाई. पालकांना काय उत्तर द्यायचं? वर्ग काढून घ्यावा लागेल. वाचनालय सांभाळा, पगार तोच राहील. बाई सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होत्या. पुष्कळसं निसटत होतं, पण 'लपवलीत' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी त्यांना नीट दिसला.

व्हरांड्यात नव्या बाई उभी होती. तिचे डोळे लाल होते. "बाई, मी पोरांसाठी केलं. त्या मुलीचा हात बघितल्यापासून मला झोप नाही."

"मी सांगणारच होते," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगणार होते. तू थांबवलंस."

नव्या बाई काही बोलली नाही. बोलली असेल तर ओठ न हलवता बोलली.

बाई घरी पोहोचायच्या आधी बातमी घरी पोहोचली होती. कुणीतरी पँट ढिली करायला आला होता, त्याने सांगितलं. टेलर दुकानाच्या पायरीवर बसले होते, मशीनवर कापड तसंच अर्धवट. बाई दिसताच ते उठले, दुकानाची फळी लावून घेतली. भरदिवसा त्यांनी दुकान कधी बंद केलं नव्हतं. मग आत येऊन ते बाईंच्या समोर पाटावर बसले आणि एकेक शब्द सुटा करत, तोंड नीट उघडत बोलले.

"ऐकू येतंय?"

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

"मी अख्ख्या गावाला विनोद सांगत होतो. बायको माझं ऐकत नाही म्हणून. लोक हसत होते, मी हसत होतो. आणि तू आत बसून..." त्यांनी खांद्यावरची टेप ओढून काढली. "तिला सांगितलंस. मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतंत."

"सांगितलं असतं! मग? गाव काय खाऊन टाकणार होतं तुला? तिने केसाने गळा कापला तुझा, कबूल. पण तू माझं काय केलंस?"

त्या दिवशी घरात दोन फसवलेली माणसं समोरासमोर बसून होती आणि एकमेकांची समजूत कशी काढायची ते दोघांनाही सुचत नव्हतं. अखेर टेलर उठले, त्यांनी चहा ठेवला आणि कप बाईंच्या हातात देऊन पुन्हा समोर बसले. त्यानंतर ते बाईंशी कधीही पाठमोरे बोलले नाहीत, आणि बाईंवरचा विनोदही गिऱ्हाइकांना पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

बाईंनी वाचनालय घेतलं नाही. राजीनामा दिला. निरोप समारंभाला त्या गेल्या नाहीत. शाल आणि फुलं शिपाईमामा घरी घेऊन आले आणि दारातच डोळे पुसत उभे राहिले. नव्या बाईला मधल्या दोघीतिघींवरून वर काढून हेडबाई केलं. "कठीण प्रसंगी दाखवलेल्या जबाबदारीबद्दल" असं अध्यक्ष भाषणात म्हणाले म्हणे. बाईंच्या कानावर ते उशिराच आलं.

टेलरनी हट्टाने त्यांना कानाचं मशीन बसवून आणलं. घरी आल्या आल्या बाई दुकानात थबकल्या. "केवढी खडखडते ही! तेल घाला जरा." टेलर मशीन थांबवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग तेलाची कुपी शोधायला लागले, ती समोरच होती तरी.

मशीन कानात आहे हे आता सगळ्यांना दिसत होतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट महिन्याभरात एक आई आपल्या मुलाला घेऊन दुकानात आली. शर्टाचं माप द्यायचं होतं, पण खरं काम वेगळं होतं. मुलगा वाचत नव्हता. मग दुसरी आली, मग तिसरी. टेलरच्या कापायच्या टेबलाखाली संध्याकाळी चटई पसरली जाऊ लागली. चिंध्यांवर खडूने अक्षरं निघू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना पुन्हा फुगे सुटल्याचे आवाज ऐकू येऊ लागले, आणि आता ते बाईंनाही ऐकू येत होते.

पण सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. पूर्वी बाई पोरांना मोकळेपणाने म्हणायच्या, "तुझं गुपित मला सांग, मी कुणाला सांगत नाही." आता तसं म्हणत नसत. शाळेच्या रस्त्याने त्या जात नसत. बाजारात जायला लांबचा फेरा घेत. आणि चहाच्या वेळेला दाराशी पाऊल वाजलं की त्यांची मान वर व्हायची आणि लगेच खाली जायची. टेलर ते बघायचे. बोलायचे नाहीत. एवढं मात्र ते शिकले होते.

काही वर्षांनी नव्या बाई आली. हेडबाई झाल्यापासून तिच्या अंगावर चांगले कपडे असायचे, पण शिवण दुसरीकडची होती, हे टेलरना आधी दिसलं. तिच्या हाताला धरून एक मुलगी होती. तिचीच.

ती पायरीवरच उभी राहिली. "काका," ती म्हणाली. टेलरनी टेप खाली ठेवली. "बाई, हिला वाचता येत नाही. सगळे उपाय केले. मी स्वतः शिकवून बघितलं. अक्षरं ओळखते, पण जुळत नाहीत. वर्गातली पोरं हसतात. हेडबाईंची मुलगी म्हणून जास्तच हसतात."

बाई बराच वेळ मुलीकडे बघत होत्या. मुलगी खाली बघत होती. मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराची बसण्याउठण्याची एक रीत असते. ती तिच्या खांद्यांत होती.

"उद्यापासून पाठव," बाई म्हणाल्या. "एकटी. तू येऊ नकोस."

मुलगी येऊ लागली. आई तिला कोपऱ्यापर्यंत सोडायची आणि तिथेच विजेच्या खांबापाशी उभी राहायची. बाईंनी मुलीला घाई केली नाही. आधी दोन महिने तर नुसते आवाज, तोंडं वेडीवाकडी करणं, टेलरच्या डब्यातली बटणं आवाजाप्रमाणे वेगळी करणं. मुलगी पहिल्यांदा हसली ती टेलरनी तोंडात टाचण्या धरून 'फ' म्हणायचा प्रयत्न केला तेव्हा.

एक दिवस तिने चटईवरून मान वर करून विचारलं, "बाई, तुम्ही आईशी का बोलत नाही?"

टेलरची मशीन थांबली.

"तिने मला फसवलं," बाई म्हणाल्या. पोरांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मुलीने विचार केला. "मग मला का शिकवता?"

"तू फसवलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. वाच."

दुसऱ्या दिवशी आई कोपऱ्यावर थांबली नाही. मुलीच्या मागोमाग दुकानात आली. टेलर उठून आत जाऊ लागले, तर म्हणाली, "काका, थांबा. तुमच्यासमोरच सांगायचंय." मग ती बाईंच्या समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलली, बाईंच्या कानात मशीन असूनही.

"मी पोरांसाठी केलं असं म्हणाले होते. ते खोटं होतं. सगळं नाही, पण बरंचसं. तुम्ही स्वतःहून सांगायला निघाला होतात ना, त्याची मला भीती वाटली. तुम्ही सांगितलं असतंत तर सगळे हळहळले असते. म्हणाले असते, वर्ग नको, पण बाई तर हव्यात, मग यांनाच हेडबाई करा. ऑफिसात बसणाऱ्याला पोरांच्या हाका कुठे ऐकायच्या असतात? म्हणून मी तुम्हाला थांबवलं. तुम्ही सांगण्याआधी तुम्ही पकडल्या जायला हव्या होतात. मला ती खुर्ची हवी होती, बाई."

बाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या समजत होत्या, पोरीला दम निघाला नाही, घाबरली, घाईत बोलून बसली. एवढं मोजूनमापून केलं असेल असं त्यांनी मनात येऊ दिलं नव्हतं. त्यांनी कापायच्या टेबलाची कड धरली.

"पोरांच्या ओठांवर बोट ठेवलंस," त्या म्हणाल्या. "तू खुर्ची घेतलीस त्याचं मला काही नाही. मागितली असतीस तर मी स्वतः अध्यक्षांना सांगितलं असतं, हिला द्या म्हणून. पण माझी पोरं घेतलीस त्या कामाला. त्यांना तो खेळ वाटला."

नव्या बाई रडू लागली. नळापाशी रडली होती तशीच, आवाज न करता. "मी काय करू, बाई? सांगा तुम्ही. राजीनामा देऊ?"

"देऊ नकोस. शाळा चांगली चालवतेस असं ऐकते." बाईंनी श्वास घेतला. "खरं बोललीस, ते बरं केलंस. पण त्याने काही फिटत नाही. मुलीला पाठवत जा. तू कोपऱ्यावरच थांब."

ती गेली. मुलगी चटईवर बसून होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाई खाली बसल्या, खडू घेतला आणि काल जिथे सोडलं होतं तिथून धडा पुढे नेला.

मुलगी वाचायला लागली, पण सावकाश. पुढच्या वर्षी तर पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवरची नावं, काही सोडेना. मग तिचं येणं कमी झालं, मग थांबलं, जसं सगळ्याच पोरांचं थांबतं. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. ते त्यांच्या धंद्यातलंच होतं.

बाई म्हाताऱ्या होईपर्यंत चटई पसरत राहिल्या. संस्थेने एकदा पहिलीच्या वर्गाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. हेडबाईंनीच तो विषय मांडला होता. बाईंनी नको म्हणून कळवलं. अध्यक्षांनी घरी येऊन कारण विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या वर्गाला नाव कशाला हवं? त्याला पहिली म्हणतात, पुरे आहे."

अध्यक्ष गेल्यावर टेलरनी विचारलं, "एवढी वर्षं झाली. तिला माफ नाही करायचं?"

बाई कात्रीने चिंध्या सारख्या कापत होत्या. "करायचं मनात येतं," त्या म्हणाल्या. "रोज चहाच्या वेळेला येतं. पण जमत नाही हो. तुम्ही मला कसं केलंत?"

"मी कुठे केलं?" टेलर म्हणाले. "मी फक्त समोर बसून बोलायला लागलो."

बाईंनी मान हलवली आणि पुढची चिंधी हातात घेतली. बाहेर पोरं चपला काढत होती.